आभाच्या नोकरीची चौकशी

३ मार्च

घरात दुपारी दीड ते साडेपाच बोलायला बंदी झाली आहे, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही. रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

बंदी आभाने घातली. माझी मुलगी, एकतीस वर्षांची. जर्मनीत सॉफ्टवेअर करते — करत होती. जानेवारीत कंपनीने तिचा अख्खा विभाग बंद केला. तिकडे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली म्हणून लगेच हाकलत नाहीत, मुदत देतात. आभाला तीस एप्रिलपर्यंत दिली आहे. तोवर नव्या नोकरीचा करार तिथल्या कचेरीत दाखवायचा. नाही जमलं, तर तिथली सहा वर्षं बॅगेत भरायची आणि परत. घरभाडं परवडेना म्हणून खोली सोडून इथे आली आहे. आमच्या मागच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून मुलाखती देते. तिथली सकाळ ती आपली दुपार.

“आई, तुझा आवाज बंद दारातून येतो.”

“मी हळू बोलत होते.”

“तू टेलिफोन खात्यातलं हळू बोलतेस.”

खरं आहे. तेहतीस वर्षं खात्यात काढली. ट्रंक बोर्डावर होते तेव्हा नाशिकहून नांदेडला ऐकू जाईल असं बोलावं लागे. तो आवाज निवृत्तीच्या दिवशी खात्यात जमा करून येता येत नाही.

वही वेणीमाधवांच्या टेबलातून घेतली. (नवऱ्याचं नाव घेते मी. वही माझी आहे.)

५ मार्च

एक कंपनी गळाला लागली आहे. मोठमोठ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या कधी तापवायच्या, कधी विझवायच्या, हे ठरवणारं सॉफ्टवेअर करतात. मुलाखतीच्या फेऱ्या सात.

सात! मला खात्यात घेतलं तेव्हा एक मुलाखत झाली. समोर तीन साहेब. पहिल्याने ओहमचा नियम विचारला, दुसऱ्याने गाव विचारलं, तिसरा चहा पीत होता. नेमणूक झाली, आणि एकही लाईन माझ्यामुळे बंद पडली नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला सिंधुबाई येते. तिला सांगितलं. ती म्हणाली, “सातदा बघून जाणार आन् मंग सांगणार? बाई, म्हशीला बी येवढं बघत नाय.”

१० मार्च

पहिली फेरी. माणसं नेमणाऱ्या विभागातली एक मुलगी. मी भिंतीपलीकडे मटार सोलत होते. ऐकत नव्हते, ऐकू येत होतं.

तिने आभाला तिचा दोष विचारला. आभा म्हणाली, “मी बारीकसारीक गोष्टींकडे जरा जास्तच लक्ष देते.”

आज सकाळीच ओला टॉवेल गादीवर होता.

११ मार्च

पहिली फेरी पास. दुसरी फेरी म्हणजे घरचा अभ्यास. पाच दिवसांत एक प्रोग्रॅम लिहून द्यायचा. फुकट.

१६ मार्च

अभ्यास दिला. डोळ्यांखाली काळं झालं आहे. वेणीमाधव दर अर्ध्या तासाने विचारतात, “आला का निकाल?” त्यांना सांगितलं, विचारून निकाल येत असता तर दहावीचे सगळे पहिले आले असते.

१९ मार्च, रंगपंचमी

आजचं रागाने लिहिते आहे की हसू दाबून, ते उद्या ठरवीन.

तिसरी फेरी. समोरचा माणूस बघत असताना प्रोग्रॅम लिहून दाखवायचा. आभाने आधी कळवलं होतं की आमच्याकडे सण आहे, दुसरा दिवस द्या. त्यांनी कळवलं, पुढची मोकळी वेळ तीन आठवड्यांनी. म्हणजे आजच.

मी सकाळपासून तयारीला लागले. सिंधुबाईला कुकर लावायचा नाही सांगितलं. बेलची तार काढली. दारावर कागद लावला: “आत मुलाखत चालू आहे. रंग लावू नये. हाक मारू नये.” कागद वाचून समोरची स्नेहा हाक मारायला आली. “काकू, कुठल्या पेपरवाल्यांना देताय मुलाखत? फोटो पण येणार का?” तिला बोटाने घरी पाठवली. खालच्या मुलांना पाण्याच्या फुग्यांसाठी पुढची बाजू नेमून दिली.

एक माणूस विसरले. नवरा.

वेणीमाधव दरवर्षी जुन्या नाशकात रहाडीवर जातात. जमिनीतला तो हौद वर्षातून एकदा उघडतो, रंगाने भरतो, आणि शहाणीसुरती माणसं त्यात उडी मारतात. पासष्टाव्या वर्षीसुद्धा. त्यांना बजावलं होतं, पाचच्या आत घरी यायचं नाही. चष्मा हौदात पडला म्हणून अडीचला आले. मागच्या दाराने — पुढच्या दारावर कागद होता ना! मागचं दार आभाच्या खोलीत उघडतं.

आभा सांगते, समोरचा जर्मन माणूस बोलता बोलता थांबला. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, “तुमच्या मागे एक केशरी गृहस्थ उभे आहेत. तुम्हाला ते अपेक्षित आहेत का?”

केशरी गृहस्थ चष्म्याविना. कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार केला आणि म्हणाले, “आभा, टॉवेल कुठाय गं?”

पुढची दहा मिनिटं रहाड म्हणजे काय हे सांगण्यात गेली. त्या माणसाला हौदाची खोली हवी होती. प्रोग्रॅम अर्धाच झाला.

वेणीमाधव गॅलरीत जेवले.

२१ मार्च

तिसरी फेरी पास. दुसरीचाही निकाल त्याबरोबरच आला. अर्ध्या प्रोग्रॅमवर घेतलं की हौदावर, कळायला मार्ग नाही. वेणीमाधव आज घरात जेवले, आणि श्रेय मागत होते.

२७ मार्च

चौथ्या फेरीत स्वभाव बघणार. आभाने मला प्रश्नांचा कागद दिला. सराव म्हणून मी विचारायचं.

“सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा तू काय केलंस?”

“मी आधी त्याची बाजू शांतपणे ऐकून घेतली—”

“कोण सहकारी?”

“अगं, कोणी नाही. असं म्हणायचं असतं.”

“म्हणजे घडलेलं नाही.”

“आई, मुलाखत घे. उलटतपासणी नको. तू काय सांगितलं असतंस?”

“मेमो दिला.”

“आणि मग?”

“मतभेद संपले.”

तिने कागद परत घेतला. सराव आता वेणीमाधवांबरोबर चालू आहे. ते प्रत्येक उत्तराला “वा!” म्हणतात. अशाने मुलगी बिघडेल.

३ एप्रिल

चौथी पास. आभा खुशीत होती, मग तिने कॅलेंडरकडे बघितलं. पाचवी दहा तारखेला, तीन माणसांसमोर. मग सहावी, सातवी, मग पगाराची बोलणी. तीस एप्रिल काही हलत नाही.

“आता दुसरीकडे कुठे नव्याने सुरू करायला वेळच नाही,” म्हणाली. “ही गेली तर मी गेले.”

तिचा हात हातात घ्यायला हवा होता. मी दूध दिलं.

६ एप्रिल

मी काल विचार केला. सातदा ते हिला बघणार. त्यांना कोण बघणार? पोरगी परक्या घरात द्यायची तर आपण चौकशी करतो. माणसं कशी, घरात भांडणं किती, कोणी पितं का. नोकरीत तर दिवसाचे आठ-नऊ तास द्यायचे असतात. मग तिथे चौकशी का नको?

सुमनची आठवण झाली. ट्रंक बोर्डावर माझ्या शेजारी बसायची, आता नाशिक रोडला राहते. तिचा विश्वेश जर्मनीत, आणि निवृत्तांच्या स्नेहसंमेलनात तिने मला दोनदा ऐकवलं होतं की तो “पावाच्या मशीनच्या कंपनीत” आहे. फोन लावला. तीच कंपनी!

आभाची नोकरी गेल्याचं मात्र सांगितलं नाही. सुमनला सांगणं म्हणजे जाहीर सभा. सहज म्हणून विचारलं. पगार वेळेवर होतो का. संध्याकाळी किती वाजता सुटतो. बरोबरचे लोक कसे आहेत, पिणारे वगैरे नाहीत ना. सुमनने फार आस्थेने सगळं सांगितलं. वर म्हणाली, “मालिनी, तू त्याच्याशीच बोल ना. मोकळेपणाने विचार. मला काही वाटणार नाही.”

तिला काय वाटायचं आहे, ते मला कळलं नाही. पण नंबर घेतला आणि संध्याकाळी त्यालाच फोन केला. मुलगा अदबीचा आहे. “हो मावशी, नाही मावशी.” साहेबाचा स्वभाव विचारला, सुट्ट्या विचारल्या, जेवणाचं काय ते विचारलं. तो म्हणाला, “मी स्वतः करतो, मावशी.” उपाहारगृह नाही असा अर्थ मी घेतला. लोक टिकतात का, यावर तो इतका वेळ गप्प बसला की मला लाईन गेली वाटलं.

आभाचं नाव ओघाने घेतलं. ती तिकडेच असते, वक्तशीर आहे, एवढंच. शब्द टाक वगैरे काही म्हटलं नाही. वशिला मला मान्य नाही. ही फक्त चौकशी.

एकंदरीत कंपनी बरी वाटते. आभाला यातलं काही बोलले नाही.

१० एप्रिल

पाचवी फेरी झाली नाही.

दीडला आभा तयार होऊन बसली. दोन वाजून गेले तरी समोर कोणी येईना. मग मेल आली. तिने ती मोठ्याने वाचली. इंग्रजीतून, हळूहळू, प्रत्येक शब्दाला माझ्याकडे बघत.

मजकूर असा. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी विश्वेश नावाच्या एकाने प्रामाणिकपणे कळवलं आहे की त्याच्या व उमेदवाराच्या कुटुंबांत दोघांच्या विवाहाची बोलणी चालू आहेत. नियमाप्रमाणे ही फेरी रद्द करण्यात येत आहे. नवीन तीन माणसं नेमून ईस्टरच्या सुट्टीनंतर, बावीस तारखेला फेरी घेऊ. तळाशी — हार्दिक अभिनंदन!

“आई. हा विश्वेश कोण आहे?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. सांगता सांगता माझे प्रश्न माझ्याच कानांनी पुन्हा ऐकले. पगार. पितो का. जेवणाचं काय करतो. घरी कधी येतो.

“तू मुलगा बघितलास,” आभा म्हणाली.

“मी कंपनी बघितली.”

“तू मुलगा बघितलास आई, आणि पसंत केलास.”

वेणीमाधव म्हणाले, “मुलगा कसा आहे पण?” त्यांना आज पुन्हा गॅलरीत वाढलं.

आभाने खोलीचं दार लावून घेतलं. बावीसपासून तीन फेऱ्या, आणि दिवस आठ. आज बंदीची गरज नाही. घरात कोणीच बोलत नाही.

१२ एप्रिल

नाशिक रोडला जाऊन आले. असल्या गोष्टी फोनवर करायच्या नसतात, हे मी — मी! — आता शिकले आहे.

सुमनने दार उघडलं ते नव्या साडीत. ओटीचं ताट तयार होतं. मी ताटाकडे न बघता सांगितलं. आभाची नोकरी गेली आहे. विश्वेशच्याच कंपनीत मुलाखती देते आहे. मी चौकशी कंपनीची करत होते. चूक माझी.

नोकरी गेली, हे दोन शब्द मी आजवर बहिणीलाही सांगितले नव्हते. ओटीच्या ताटासमोर सांगावे लागले.

सुमनने ओटीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “पगार विचारलास. दारू विचारलीस. स्वयंपाक विचारलास. आता काय राहिलं होतं गं, उंची?”

“चुकलं म्हटलं ना.”

“म्हणजे माझा विश्वेश तुला नको.”

“नको असं नाही—”

“काय वाईट आहे त्याच्यात?”

“काही वाईट नाही.”

“मग?”

ट्रंक बोर्डावर अशा वेळी मी “तीन मिनिटं झाली” म्हणून लाईन तोडत असे. इथे ती सोय नव्हती. विश्वेशची तारीफ करत मला दोन बशा शिरा खावा लागला. शेवटी तिने कबूल केलं की त्याला रात्री फोन करून बोलणी रद्द झाल्याचं सांगेल. निघताना म्हणाली, “आणि मी त्याला आभाचा फोटोसुद्धा पाठवला होता.”

“कुठला फोटो?”

“आपली स्टाफची सहल गेली होती ना त्र्यंबकला, त्यातला. माझ्याकडे तेवढाच होता.”

त्या सहलीत आभा पाचवीत होती. दोन वेण्या आणि हातात अर्धी काकडी.

१५ एप्रिल

कंपनीची मेल. विवाहाची बोलणी फिसकटल्याचं त्यांना समजलं. अतिशय वाईट वाटलं. आयुष्यातल्या या कठीण काळात उमेदवाराला वेळ हवा असल्यास पुढची फेरी मे महिन्यात घेता येईल.

मे महिन्यात!

आभाने उत्तर लिहिलं. आपण खचलेलो नाही, कामात मन रमवायचं आहे, बावीस तारीखच ठेवावी. लिहिताना ती हसायला लागली. पाच दिवसांनी हसली. मग डोकं टेबलावर टेकलं, आणि ते हसणं नव्हतं.

मी या वेळी दूध आणायला गेले नाही. तिथेच बसले.

२२ एप्रिल

पाचवी झाली. मी दोन तास देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले, तिनेच सांगितलं म्हणून. वेणीमाधवांनाही बरोबर नेलं. सुरक्षिततेसाठी.

परत आल्यावर सांगत होती. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का? तयार केलेले प्रश्न तिला आठवेनात. तोंडातून निघालं, “तुमच्याकडे लोक टिकतात का?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यातली वयस्क बाई म्हणाली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मग खरं ते सांगितलं. काम पुष्कळ, गाव लहान, हिवाळा लांब. कंटाळून जातात काही. ही जागाही त्यामुळेच रिकामी होते आहे, एक जण मायदेशी परत चालला आहे. त्यावर अर्धा तास मनमोकळं बोलणं झालं.

“प्रश्न तुझा होता,” आभा म्हणाली. एवढंच. पण माझ्या ताटात पोळी तिने वाढली.

२४ एप्रिल

पाचवी पास, सहावी झाली. आता सातवीत मोठे साहेब.

२५ एप्रिल

साहेबांशी बोलणं पंधरा मिनिटांत आटोपलं. त्यातली दहा त्यांनी वेणीमाधवांची चौकशी केली. केशरी गृहस्थ कंपनीभर माहीत आहेत.

निकाल सोमवारी. मध्ये शनिवार-रविवार. तिकडे शनिवार-रविवारी पानसुद्धा हलत नाही म्हणे.

२७ एप्रिल

आभाने मागची खोली आवरली. कपाट, खिडक्या, पंखा. मी विचारलं नाही — जायचं म्हणून आवरते आहेस की राहायचं म्हणून?

२८ एप्रिल

मिळाली.

करार चार वाजता आला. सही करून पाच मिनिटांत तिथल्या परवान्याच्या कचेरीत पाठवला. पोचल्याची पावती साडेपाचला. मग आभा खोलीतून ओरडत बाहेर आली. बंदीची वेळ नुकतीच संपली होती. मीही ओरडले. समोरची स्नेहा धावत आली. तिला वाटलं कोणी पडलं.

सिंधुबाई म्हणाली, “झाला का येकदाचा होकार? आता पाव फुकट आणा म्हनावं ताईला.”

३० एप्रिल

आभाला निरोप दिला. कालच सुमन येऊन विश्वेशसाठी चिवड्याचा डबा देऊन गेली. आभाला नीट न्याहाळलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “आता दोघं एकाच कचेरीत. रोज समोरासमोर. मी काही बोलत नाही हो.”

मीही काही बोलले नाही. पण टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर मनात आलं, मुलगा अदबीचा आहे, स्वयंपाक स्वतः करतो. पाच वर्षांत एकदा तरी सुमनचं म्हणणं बरोबर निघायला हरकत नाही.

९ मे

आभाचा फोन आला होता. शेवटी दोन मिनिटं विश्वेश बोलला. नोंद करून ठेवते.

विश्वेशने आभाला दिलं: भट्ट्यांचं सगळं काम, समजावून. त्याची खुर्ची; रिकामी होणारी जागा त्याचीच होती. राहत्या खोलीच्या दोन किल्ल्या. सायकल, पंपासकट. शिट्टी नसलेला कुकर. आईने पाठवलेल्या चिवड्यातला अर्धा.

आभाने त्याला दिलं: पोचपावती, सहीनिशी.

तो चोवीस तारखेला नाशिक रोडला येतो आहे. कायमचा.

मला दोघांनी दिलं: हे सुमनला सांगायचं काम.